दर चौथ्या मंगळवारी

दोन वर्षं माझ्या भाचीची पाळी दर चौथ्या मंगळवारी आली. एकदाही चुकली नाही. चुकेल कशी, ती मीच आणत होते.

माझं औषधाचं दुकान आहे. रीतसर शिकलेली फार्मासिस्ट आहे मी, भिंतीवर परवाना लावलेला आहे, आणि गल्लीतले लोक मला 'अर्धी डॉक्टर' म्हणतात. त्यावर मी वरवर नाक मुरडते आणि आतून फुलते. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागायला कोणी आला की त्याला चार लोकांत असा झाडते की तो पुन्हा फिरकत नाही. हा नियम सगळ्या गल्लीला लागू होता, फक्त माझ्या घरच्यांना सोडून.

भाची म्हणजे माझ्या थोरल्या भावाची एकुलती एक मुलगी. लहानपणी सतत काहीतरी कुरतडत बसायची, म्हणून तिला आम्ही खारू म्हणतो. एकोणीस वर्षांची होती, तेव्हा एका दुपारी काउंटरशी आली. दुकानात गिऱ्हाईक नाही असं बघून म्हणाली, "आत्या, तीन महिने झाले, पाळीच नाही."

पहिला प्रश्न विचारायचा तो मी विचारला. ती फस्सकन हसली. "कोणी असता तर तुला आधी सांगितलं नसतं का?" तरी मी तिला मागच्या खोलीत पाठवून चाचणी करून घेतली. तसलं काही नव्हतं.

"आईला सांगू नकोस हं. ती घर डोक्यावर घेईल."

वहिनीने खरंच घेतलं असतं. पोरीला साधी शिंक आली तरी ती दवाखान्यात नंबर लावते. मला तिच्या या घाबरटपणाचं कायम हसू यायचं. त्या दुपारीही आलं. मी कपाटातून एकवीस गोळ्यांचं पाकीट काढलं, साबणाच्या वडीखाली सरकवलं आणि म्हणाले, "रोज एक घे. संपल्या की तीन-चार दिवसांत येईल. मग सात दिवस झाले की दुसरं पाकीट. गाडी रुळावर आली की डॉक्टरांना एकदा दाखवून घेऊ."

गाडी रुळावर आली आणि दाखवायचं राहून गेलं. ठरल्यासारखी पाळी येतेय म्हटल्यावर दाखवायचं तरी काय? मी शिकलेय, मला माहीत होतं की गोळ्या थांबवल्यावर येणारं रक्त हा गोळ्यांचा हिशेब असतो, शरीराचा नव्हे. आत काय बिघडलंय ते त्यावरून काडीचंही कळत नाही. परीक्षेत हे मी लिहिलंय, मार्क घेतलेत. पण खारू दर महिन्याला यायची, गळ्यात पडायची, "आत्या, तू आहेस म्हणून" असं म्हणायची, आणि मला ते फार गोड लागायचं. मला मूलबाळ नाही. वहिनीला न सांगितलेली एक गोष्ट तिची पोर मला सांगते, याचा मला माज होता. हे आज लिहिताना लाज वाटते, पण होता.

मग तिचं डोकं दुखायला लागलं. मी डोकेदुखीच्या गोळ्या दिल्या. एकदा ती खालच्या आवाजात म्हणाली, "आत्या, शर्टावर छातीशी ओला डाग पडतो. दुधासारखा." मी म्हणाले, "हार्मोनच्या गोळ्या आहेत बाई, होतं असं." दुसऱ्या कोणाच्या मुलीने हे सांगितलं असतं, तर तिला त्याच पावली डॉक्टरकडे पिटाळलं असतं.

खारू एका मोठ्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवते. चालवायची. तिथल्या सतरा पुरुषांत ती एकटी, आणि मालाने लादलेलं लाकडी फळकूट उंच रॅकवर असं अलगद ठेवायची की मुकादम नव्या पोरांना तिचं काम बघायला उभं करायचा. घरी मात्र ती अलीकडे दाराच्या चौकटींवर आपटायला लागली होती. भाऊ म्हणायचा, "अगं, गोदामात वाहन चालवतेस की पाडापाडी करतेस?" आम्ही सगळे हसायचो, तीही हसायची. मग एका सकाळी तिने फोर्कलिफ्ट वळवली आणि रॅकच्या खांबाला धडकवली. वरची खोकी कोसळली. खांबाशेजारी उभा असलेला माणूस थोडक्यात वाचला.

"तो तिथं होता हे मला दिसलंच नाही," खारू सांगत होती. तिचा कोणाला राग आला नाही, उलट सगळे घाबरले. मुकादमाने तिला यंत्रावरून उतरवलं आणि तपासून घ्यायला सांगितलं.

दवाखान्यात आम्ही तिघी गेलो, खारू, वहिनी आणि मी. मी का गेले? अर्धी डॉक्टर ना! डॉक्टरीणबाईंनी एकामागून एक प्रश्न विचारले. झोप? भूक? डोकेदुखी? आणि मग, "पाळी नियमित आहे?"

खारूने माझ्याकडे पाहिलं. ती तोंड उघडायच्या आत वहिनी कौतुकाने म्हणाली, "अगदी घड्याळ लावून घ्यावं! दर चौथ्या मंगळवारी."

मी मूग गिळून बसले. डॉक्टरीणबाईंनी 'नियमित' असं लिहिलं आणि त्या पुढच्या प्रश्नाला गेल्या. ताण असेल, चष्म्याचा नंबर असेल, विश्रांती घ्या, महिन्याने या. खारूला वाटलं, आत्या गप्प आहे म्हणजे सांगण्यासारखं काही नसेल. तिचा माझ्यावर तेवढा विश्वास होता.

 थांबलेली पाळी, दूध, डोकेदुखी, नजर. चारही गोष्टी माहीत असून त्या एकमेकींशी जोडता कोणाला येत होत्या? त्या खोलीत फक्त मला. तोंड उघडलं तर परवान्यावर गदा येणार, भाऊ दारात उभं करणार नाही, आणि 'अर्धी डॉक्टर' हे नाव गल्लीत शिवीसारखं घेतलं जाणार. उद्या सांगू, म्हणत अकरा दिवस काढले. अकरा. मोजलेत मी.

बाराव्या दिवशी खारू पाकीट न्यायला आली. बाजूला ठेवलेल्या खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांना तिचा हात लागला आणि दोन फरशीवर फुटल्या. ती खाली बसून काचा चाचपायला लागली. बोटं काचेच्या कडेपर्यंत जायची आणि मगच तिला काच दिसायची. "सॉरी आत्या, सॉरी," म्हणत होती. मी तिचे हात धरले, दुकानाचं शटर ओढलं आणि तिला घेऊन भावाच्या घरी गेले.

भाऊ कामावर होता. वहिनी भाजी निवडत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, ती ओरडेल, रडेल, घर डोक्यावर घेईल. तिने हातातली सुरी नीट बाजूला ठेवली.

"ताई," ती म्हणाली, "मी तिथं छाती फुगवून सांगितलं, दर चौथ्या मंगळवारी म्हणून. आणि तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात?"

"हो."

ती उठली, चपला घातल्या, पोरीचा हात धरला. मला या म्हणाली नाही, नको असंही म्हणाली नाही. मी मागोमाग गेले.

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. मग जुन्या कागदावरचा 'नियमित' हा शब्द खोडला. म्हणाल्या, "पाळी बंद झाली म्हणजे शरीर ओरडून सांगत होतं. तुम्ही त्याचं तोंड दाबलंत. दोन वर्षांपूर्वी रक्ताची एक तपासणी केली असती, तरी कळलं असतं." त्याच दिवशी रक्त तपासायला गेलं, मेंदूचा फोटो निघाला. मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिच्यावर गाठ होती. बाळंतिणीला दूध आणणारं हार्मोन ती गाठ मणाने ओतत होती. त्यानेच पाळी थांबली होती, आणि आता ती गाठ वाढून डोळ्यांच्या नसांवर बसली होती. कर्करोग नव्हे. आठवड्यातून दोनदा गोळी घ्यायची, गाठ आकसते.

"आणि नजर?" वहिनीने विचारलं.

"काही परत येईल. सगळी येईलच असं नाही. अशा वेळी एकेक दिवस महत्त्वाचा असतो."

माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं.

भाऊ माझ्याशी बोलत नाही. परवान्याच्या कचेरीला मी स्वतःच पत्र लिहिलं; सहा महिने दुकान बंद राहिलं, ते चुकलं असं मी म्हणणार नाही. खारू गोदामातच आहे, पण आत, टेबलाशी. मालाच्या पावत्या तपासते. खिडकीतून तिला तिची फोर्कलिफ्ट दिसते, तिच्यावर आता दुसराच कोणी असतो.

दुकान उघडलं त्या आठवड्यात ती आली. मी काउंटरच्या टोकाला, आत येणाऱ्याच्या डाव्या हाताला, औषधं लावत होते.  ती दुकानाच्या मध्यावर उभी राहून, समोर बघत म्हणाली, "आत्या, पाळी आली. आपली आपण. तुझ्या पाकिटाशिवाय."

मला रडू फुटलं. "आणि डोळे गं?"

"उजवीकडचं बरंच आलं."

मी पुढचं विचारलं नाही. डोळे पुसत तिथंच उभी राहिले. ती मान वळवून मला शोधत होती, जरा चुकीच्या जागी.

"आत्या, समोर ये ना," ती म्हणाली. "तिथं तू मला दिसत नाहीस."