सोमवारचं खरबूज

गुरुवारच्या बाजारातल्या त्या टोमॅटोवाल्यावर माझा पहिल्यापासून संशय होता. पाटीवर लिहिलेलं ‘आमच्या मळ्यातले’, आणि पेट्या मात्र अशा लावलेल्या की लेबलं सगळी भिंतीकडे. मी वाकून एक पेटी फिरवली. स्पेन. आर्मेलला हाक मारून दाखवलं, तर ती म्हणाली, ओदिल, आपण सुट्टीवर आलोय. गिलेनने तर तोवर त्याच पेटीतले टोमॅटो घेतलेसुद्धा.

या दोघी माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणी. दर ऑगस्टमध्ये आम्ही तिघी प्रोव्हान्समधल्या या गावात तेच घर भाड्याने घेतो, उशिरा उठतो, गुरुवारी टोपल्या घेऊन बाजारात रमतगमत फिरतो. बाकीचं वर्ष मी लिओंला एकटी असते. नवरा दुसरीकडे राहायला गेला. तो जायच्या कितीतरी आधी मला त्या गोष्टीचा वास आला होता आणि तेव्हाही सगळ्यांनी मलाच वेड्यात काढलं होतं. म्हणून सांगते, माझं नाक खोटं बोलत नाही.

आणि त्या दिवशी सकाळपासून कुठेतरी पाणी मुरत होतं. शनिवारी घर सोडायचं, तरी आर्मेलने कॉफीचा भलामोठा पुडा घेतला. का, म्हणून विचारलं तर म्हणे स्वस्त होता. आर्मेलने जन्मात कधी काही स्वस्त म्हणून घेतलेलं नाही. मग चीजच्या गाडीपाशी दोघींची कुजबुज चालली होती, ती मी जवळ जाताच थांबली आणि हवेचा विषय निघाला. ऑगस्टमध्ये इथल्या हवेबद्दल काय बोलायचं असतं? ऊन असतं, झालं.

खरबूजवाल्यापाशी बिंग फुटायचं होतं ते गिलेनच्याच तोंडून फुटलं. इथला खरबूजवाला तुम्ही ते केव्हा खाणार हे कळल्याशिवाय फळाला हात लावत नाही. दुपारच्या जेवणाचं वेगळं, रात्रीचं वेगळं. त्याने सवयीने विचारलं आणि तिने भाबडेपणाने सांगून टाकलं.

“एक आज रात्रीसाठी. आणि एक सोमवारी दुपारी कापायचंय.”

आर्मेलने तिच्या पायावर पाय दिला. मी पाहिलं. सोमवारी गिलेन नांतला स्वतःच्या घरी असणार होती, आणि तिच्या घरी खरबुजाला कुणी हात लावत नाही. खरबूजवाल्याने शांतपणे तळाच्या पेटीतून एक हिरवट फळ काढून तिच्या टोपलीत ठेवलं.

चौकातल्या कॅफेत बसेपर्यंत मी कसाबसा दम धरला.

“सोमवारी तुम्ही दोघी इथेच आहात,” मी म्हणाले.

गिलेन साखरेची पुडी कुरवाळत बसली. आर्मेलने गॉगल काढून टेबलावर ठेवला. घर पुढच्या आठवड्यासाठीही घेतलंय म्हणाली, दोघींपुरतं. तुला सांगणारच होतो, पण कसं सांगायचं ते सुचेना.

मी का म्हणून विचारलं. विचारायला नको होतं.

“अगं, तुझ्याबरोबर बाजार करायचा म्हणजे धाड घालायला निघाल्यासारखं वाटतं,” आर्मेल म्हणाली. “टोमॅटो परदेशी, मध भेसळीचा, वेटर बिलात घोळ घालणार, शेजारीण आपल्या खिडकीत डोकावते. असेल ना सगळं खरं. पण मला एक आठवडा फसायचंय, ओदिल. मजेत फसायचंय.”

संशय खरा ठरला की मला एरवी बरं वाटतं. या वेळी नाही वाटलं. मी गप्प राहीन, एकही पेटी उलटी करणार नाही, पण मलाही ठेवून घ्या, असं म्हणावंसं वाटत होतं. पण त्यावर विश्वास कोण ठेवणार? मीही ठेवला नसता. पुढच्या वर्षी तिघी येऊच की, असं गिलेन पुटपुटली.

कॉफी आली. आर्मेलने गिलेनच्या टोपलीतून ते हिरवट खरबूज काढलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीने माझ्या नाकासमोर धरलं.

“बघ गं जरा. सोमवारपर्यंत होईल ना हे?”

मी हातात घेतलं. वजनाला हलकं. देठाभोवती तडा नाही. वास काकडीचा. कच्चं असतानाच वेलीवरून तोडलेलं ते फळ नाताळपर्यंत ठेवलं असतं तरी गोड झालं नसतं. खरबूजवाला समोरच उभा होता, उठून दोन शब्द सुनावले असते तर निमूट बदलून दिलं असतं त्याने. दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

“होईल,” मी म्हणाले. “छान होईल.”

आर्मेलने ते निर्धास्तपणे टोपलीत परत ठेवलं. माझ्या बोलण्याचा तिला जरासुद्धा संशय आला नाही.