रिकाम्या ट्रेमधला दुसरा भाग

मित्रांनो, मी एका चित्रकथेचा जुना, कोपरे दुमडलेला दुसरा भाग आहे. पहिल्या भागाला मान असतो, शेवटच्यासाठी लोक रडतात. मधल्याला कोण विचारतो! माझ्या मुखपृष्ठावर ओठ फुटलेला एक मुलगा आहे. त्याला बघून मोठी माणसं नाक मुरडतात. आत त्याची आणि त्याच्या मैत्रिणीची गोष्ट आहे. दोघं घर सोडून निघून जातात. माझ्या शेवटच्या पानावर ती स्टेशनात एकटी उभी राहते, गाडी येते, आणि मी संपतो. म्हणून मला वाचणारा प्रत्येक जण शेवटी माझ्याच नावाने खडे फोडतो.

तोक्योच्या छापखान्यात मी जन्मलो. दुकानात मला प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, कारण फुकटे लोक उभ्या उभ्या अख्खा भाग वाचून जातात. नववीतल्या वाकानाने मला विकत घेतलं आणि इतक्यांदा वाचलं, की माझी शिवण सैल झाली. तिला माझा फार लळा होता. म्हणूनच तिने मला चिगुसाला दिलं.

चिगुसा तिच्याच वर्गातली. शाळेच्या क्रीडादिनी रिले शर्यतीत चिगुसाच्या हातून दांडी पडली आणि जिंकत आलेला वर्ग शेवटचा आला. कोणी रागावलं नाही. सगळे म्हणाले, "जाऊ दे गं, होतं असं." पण दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या जेवणाला तिच्या बाकाला कोणी बाक जोडलं नाही. हळूहळू ती शाळेत जाईनाशी झाली. मग खोलीबाहेरही येईनाशी झाली. आई जेवणाचा ट्रे दाराशी ठेवायची, ती रिकामा ट्रे बाहेर सरकवायची. मायलेकींचं बोलणं उरलं ते एवढंच.

वाकानाचं घर जवळ, म्हणून शाळेतले कागद चिगुसाला पोचवायचं काम तिच्याकडे आलं. आई कामावर गेलेली असताना ती कागद घराच्या दारातल्या पत्रांच्या फटीतून आत टाकायची. घरात कोणी नसलं की चिगुसा तेवढ्यापुरती खाली येऊन ते उचलायची. एकदा कागदांबरोबर वाकानाने पहिला भाग सरकवला. काही दिवसांनी तो त्याच फटीतून बाहेर आला! मग माझी पाळी आली.

"चिगुसा, ऐकतेयस ना?" वाकाना दाराला तोंड लावून म्हणाली. "हा भाग मला हातात परत हवाय. दार उघडून. फटीतून मी घेणार नाही, आणि तिसराही देणार नाही. मला तुला काहीतरी सांगायचंय."

चिगुसा दारामागेच उभी होती. तिने मला अलगद आत ओढलं.

तिने मला अंथरुणात वाचलं. शेवटच्या पानाशी आली की ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. तिसऱ्या भागासाठी जीव तुटत होता, पण दार उघडायचं म्हटलं की ती पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायची. शेवटी तिने मला रिकाम्या ट्रेमध्ये ठेवून बाहेर सरकवलं. आई ज्याचं त्याला पोचवेल, असं तिला वाटलं. पण आईला काय माहीत!

"असलं वाचून वाचूनच पोरीचं असं झालं," आई पुटपुटली. "टाकलं एकदाचं, बरं झालं." दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत रद्दी उचलायला ट्रक यायचा होता. आईने वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर मला ठेवलं, दोरीने करकचून बांधलं आणि सकाळी गल्लीच्या कोपऱ्यावर नेऊन ठेवलं. माझा लगदा होणार होता, मित्रांनो. मला रडता येत असतं तर मी ओक्साबोक्शी रडलो असतो.

तेवढ्यात चिगुसाच्या वरच्या खोलीचा पडदा हलला. जिन्यावर धाडधाड आवाज झाला आणि चिगुसा अनवाणी, रात्रीच्या कपड्यांत, केस पिंजारलेले, अशी धावत आली.

"अगंबाई, ही इताबाशींची चिगुसा ना?" कोपरा झाडणाऱ्या त्सुकुदा आजी म्हणाल्या. शाळेला निघालेली मुलं थबकून बघू लागली. तिला याच नजरांची भीती होती. ती खाली मान घालून गाठ ओढत राहिली. गाठ सुटेना. ट्रक वळणावर आला.

"सरक, मला बघू दे!" गर्दीतून वाकाना घुसली आणि तिने चक्क दातांनी दोरी तोडली.

चिगुसाने मला दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. "हातात... परत हवा म्हणालीस ना," तिचा आवाज घोगरा झाला होता.

वाकानाने मला घेतलंच नाही. "सगळे तुला टाळायला लागले, तेव्हा मीपण माझं बाक लांब ओढलं. मी घाबरट आहे गं. हे फटीतून कसं सांगू?"

"माहीत आहे मला," चिगुसा म्हणाली. "तुझं बाक माझ्या शेजारचंच होतं."

दोघीही रडल्या. पण गळ्यात गळे घातले नाहीत.

"तिसरा आणलायस?" डोळे पुसत चिगुसाने विचारलं.

त्या दिवशी चिगुसा शाळेत गेली नाही. त्यानंतरही कितीतरी दिवस गेली नाही. खोटी आशा मी तुम्हाला देणार नाही. ती घरात शिरली तेव्हा आई एवढंच म्हणाली, "मला वाटलं, तू टाकून दिलंस." त्यावर मला आईच्या हातात देत चिगुसा म्हणाली, "विचारायचं होतंस ना, आई."

मित्रांनो, माझं मुखपृष्ठ बघून मला बांधू नका. माणसांनाही नाही. आधी उघडा, विचारा. तेवढीच काळजी घ्या माझी.

त्या संध्याकाळी आईने मला स्वयंपाकघरात बसून पहिल्यापासून वाचलं. मासा तव्यावर करपला, तरी तिला भान नव्हतं. शेवटचं पान संपलं, तशी ती जिन्याशी आली.

"चिगुसा," तिने हाक मारली, "त्या स्टेशनातल्या पोरीचं पुढे काय होतं गं?"

वरचं दार उघडलं.