तीन फेऱ्या

दोराचं शास्त्र कधी बदलत नाही, असं सासऱ्यांनी जाहीर केलं आणि त्याच क्षणी जावयाने विणलेला फास चौथ्यांदा सुटला. धक्क्यावरच्या खांबाला अडकवून रहाटाने ताण दिला, तेव्हा नायलॉनचे तिन्ही पेड साबण लावल्यासारखे एकेक करून निसटले.

"जावईबापू, हातात जीव नाही तुमच्या."

जावयाच्या बोटांची सालं निघाली होती. दोराचं टोक उकलायचं, वळवून फास करायचा, मग एकेक पेड मूळ दोराच्या पिळाखालून ओवायचा. अशा तीन फेऱ्या. सासऱ्यांच्या घराण्यात तीनच. फास टिकला तर होडीची किल्ली आज त्याच्या हातात येणार होती. सहा वर्षं तो त्याच होडीवर उतारूंची तिकिटं फाडत होता. आज जमलं नाही तर पुढच्या हंगामापर्यंत पुन्हा तिकिटं.

"बाबा, दोराच्या वेष्टनावर पाच फेऱ्या छापल्यात. नायलॉन गुळगुळीत असतो म्हणून."

"मग होडी वेष्टनालाच बांधा! चाळीस वर्षं तीन मारतोय मी. सुटली कधी?"

सुटली नव्हती. दुखणं तेच होतं.

सासरे चहाला गेले. जावयाने मागेपुढे पाहिलं, दातओठ खात पाच फेऱ्या मारल्या आणि पाप झाकावं तशी वरून सुतळी गच्च गुंडाळली. सासऱ्यांच्या प्रत्येक फासावर ती असायचीच. शोभेला, असं ते म्हणत.

सासरे परतले. रहाट कुरकुरला. दोर तारेसारखा ताणला गेला. फास जागचा हलला नाही.

सासऱ्यांनी सुतळीवरून अंगठा फिरवला. जरा जास्तच वेळ फिरवला.

"किती फेऱ्या?"

"तीन."

"बघा! सांगत नव्हतो?" त्यांनी किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली. "आणि ती सुतळी तेवढी कधी सोडायची नाही."

दुपारी, नवा मालक म्हणून, जावई होडीचे जुने दोर तपासायला बसला. सासऱ्यांनी विणलेल्या एका फासावरची सुतळी कुजून लोंबत होती. नवी गुंडाळण्यापूर्वी त्याने सहज फेऱ्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

सहा होत्या.