विहारात टांगलेली निळी ट्यूब

मित्रांनो, मी एक जुनी निळी ट्यूब आहे, आणि मला माझीच भीती वाटते.

माझा जन्म जंतू मारण्यासाठी झाला. चिपळूणच्या एका दवाखान्यात, माणसे बाहेर काढून कुलूप लावलेल्या खोलीत मला पेटवत. माझा निळा उजेड दिसतो, पण काम करतात ते न दिसणारे अतिनील किरण. तिथे माझे कौतुक होई. पुढे नवे यंत्र आले आणि मी भंगारात पडले.

तिथून सुहासने मला उचलले. तो सावर्ड्याजवळच्या एका वाडीत वायरमन आहे. चौदा एप्रिल तोंडावर आला होता. "निळा म्हंजे आपला रंग! जयंतीला यापरीस झकास काय गावनार?" असे म्हणत त्याने मला बुद्धविहारात, गाणाऱ्यांच्या डोक्यावरच टांगून पेटवले. बिचाऱ्याने प्रेमानेच केले सगळे.

सकाळी मुलांचा गाण्याचा सराव सुरू झाला. सुहासची अकरा वर्षांची पुतणी रेणुका नेमकी माझ्याखाली उभी राहिली आणि वर बघून गाऊ लागली. माझी पाचावर धारण बसली. बाजूला हो ग, बघू नकोस! पण ट्यूबला तोंड कुठे असते? माझे किरण तिला पोळतही नव्हते, मग ती हलणार कशाला? दोन तास ती गात राहिली.

संध्याकाळी तिची आई शालन धावत आली. "भावजी, पोरगी डोळं उघडत नाय! वाळू गेल्यागत खुपतंय म्हनते. मानपन लाल झालीय."

सुहास तसाच तिला घेऊन डॉक्टरांकडे पळाला. मी मात्र जळतच होते. खाली आणखी सहा मुले पताका चिकटवत होती. यांचेही डोळे जाणार का? मी भीतीने अर्धमेली झाले. तेवढ्यात विहाराची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्या बाबाजींचा फोन वाजला. पलीकडून सुहास ओरडत होता, "बाबाजी, डाक्तर म्हनतात त्या ट्यूबनंच झालंय! ती बंद करा आदी! पोरांना भायेर काढा!"

बटण पडले. अंधार इतका गोड मला कधीच लागला नव्हता.

तिसऱ्या दिवशी रेणुकाचे डोळे उघडले. सुहासने मला खाली उतरवले आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "चूक माजी हाय."

मित्रांनो, उन्हातही माझ्या किरणांची भावंडे असतात. भर दुपारी टोपी घाला, सावली धरा. वेल्डिंगच्या ठिणगीकडे बघू नका. अनोळखी निळा दिवा लावण्याआधी तो कशासाठी बनवलाय ते विचारा. मला फोडू नका, माझ्या पोटात पारा आहे. ई-कचरा घेणाऱ्या जाणत्या माणसाच्या हाती द्या, पण भंगारात टाकू नका. मला पुन्हा कुणाच्या डोक्यावर पेटायचे नाही.