रागाचं दूध

मिर्लांदचा राग कायम नाकावर. जाकमेल गावाच्या वरच्या वस्तीत हे कुणाला ठाऊक नव्हतं? म्हणूनच ती बाळंत झाल्यापासून तिच्या सासूने, इलमीझने, घरादाराला दम भरला होता, "पोरीला चिडवाल तर खबरदार! बाळंतिणीचा राग दुधात उतरतो. दूध नासतं. असलं दूध प्यायलेलं लेकरू हातचं जातं."

आणि माती खाल्ली कुणी, तर नवऱ्यानेच. वोल्नी सकाळी पाद्रीबाबांकडे गेला आणि बायकोला न विचारता पोराला आपल्या मेलेल्या आजोबांचं नाव देऊन आला. वर दात काढत येऊन सांगितलं.

"नऊ महिने मी वागवलं, आणि नाव तू ठेवून आलास?" मिर्लांद अशी कडाडली की परसातल्या कोंबड्या केळींच्या मागे पळाल्या.

इलमीझने झटकन बाळ उचललं. "झालं! नासलं दूध. आता तुझा राग उतरेपर्यंत पोराला छातीशी धरायचं नाही. मी मक्याची पेज टाकते."

"आई, इतक्याशा पोराला पेज?" वोल्नी म्हणाला.

"मग काय, विष पाजू?"

आता माणसाने रागाला 'जा' म्हटलं की तो जातो का? दुपारपर्यंत मिर्लांदच्या छातीचे दगड झाले. ठणका नुसता! चुलीवर पेज रटरटत होती, बाळ रडून रडून निळंजांभळं झालं होतं. तिने ते सासूच्या हातातून ओढून घेतलं आणि छातीशी लावलं. पण ताठरलेल्या स्तनावर त्याचं तोंड टिकेना. नुसतं टोक चावायचं आणि सुटायचं. टोकाला आधीच पडलेली चीर उलली, रक्त आलं.

"बघ, तोच तोंड फिरवतोय," इलमीझ म्हणाली. "लेकरालाही कळतं गं."

क्षणभर मिर्लांदला ते खरं वाटलं. आपणच विषारी असलो तर? ती हमसून हमसून रडली. मग रडण्याचाच तिला संताप आला. तिच्या मावशीने जुळी पाजून वाढवली होती, ती काय साध्वी होती? तिच्या तोंडाला तर बाजारात कुणी लागायचं नाही!

"वोल्नी, गरम पाण्यात फडकं बुडवून आण. उभा काय राहिलायस खांबासारखा!"

तिने छाती शेकली. मावशी करायची तसं बोटांनी हलकेच मागे दाबून दूध पत्र्याच्या कपात पिळलं. आधी थेंब थेंब, मग धार. टोकाभोवतीचा भाग मऊ झाला. मग तिने तो कप उचलला आणि सगळ्यांदेखत एक घोट घेतला.

"अगं बाई!" इलमीझने कपाळाला हात लावला.

"घ्या. नासलंय का सांगा. माझा राग जरासुद्धा उतरलेला नाही, बरं का. उतरायचाही नाही."

इलमीझ मागे सरली. मिर्लांदने कप तसाच धरून ठेवला. शेवटी म्हातारीने बोट बुडवून जिभेला लावलं. मग कप हातात घेतला आणि सगळा पिऊन टाकला.

तोवर मिर्लांदने बाळाचं पोट आपल्या पोटाशी धरलं, नाक टोकासमोर आणलं आणि थांबली. घाई केली नाही. त्याने जांभईएवढा आ वासला, तसं तिने त्याला चटकन जवळ ओढलं. नुसतं टोक नाही, भोवतालचंही तोंडात गेलं. सुरुवातीला कळ आली, मग ओसरली. बाळ गटागटा पिऊ लागलं.

इलमीझ रिकामा कप धरून बसून होती.

"वोल्नीच्या आधीची एक मुलगी होती मला," ती म्हणाली. "माझाही राग असाच. सासू म्हणाली, दूध नासलंय. मी ते रोज केळीच्या बुंध्याशी पिळून टाकायचे. पोरगी पेजेवर सुकून गेली." तिने रिकाम्या कपात पाहिलं. "मी कधी चाखूनसुद्धा पाहिलं नाही गं."

मिर्लांदने मोकळा हात पुढे केला, तो म्हातारीने घट्ट धरला. मग इलमीझ उठली, चुलीवरचं पेजेचं पातेलं उचललं आणि कोंबड्यांपुढे ओतून आली.

"हं, आता बोल त्या गाढवाला काय बोलायचंय ते," ती म्हणाली. "पोर पितंय तोवर बोल. मोठ्याने बोल."