लाल पुन्हा नाही

माझी आल्त्ये मावशी आयुष्यात दोनदाच आगगाडीत बसली होती. तिसऱ्यांदा बसली ती ॲमस्टरडॅमला जायला, आणि तेही माझ्या आंधळेपणामुळे.

झालं असं. योरीन नावाची एक बाई माहितीपट करते. कुठले कुठले कारागीर, त्यांची गावं, त्यांची माणसं. तीन वर्षांपूर्वी ती आमच्या गावात आली ती मावशीसाठी. मावशी लाकडी दट्ट्यात रोवलेल्या खिळ्यांची डोकी रंगात बुडवते आणि काळ्या कापडावर ठिपके उठवते. ठिपक्यांची फुलं होतात, आणि ते कापड आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका छाती-पाठीवर घालतात. पूर्वी दहा घरांत हे काम चालायचं, आता फक्त मावशीच्या.

मावशीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मानेच्या खाली काय ते टिप. तोंड नाही. आणि रविवारी गावात कॅमेरा दिसला तर माझा उंबरा चढू नकोस."

योरीनने दोन्ही पाळलं. मध्यस्थ मी. मी जीन्स घालते, डेअरीच्या ऑफिसात बसते आणि शहरातल्या लोकांशी बोलताना मला घाम फुटत नाही.

पहिल्या उन्हाळ्यात मावशी लाल फुलांच्या कापडात होती. दुसऱ्या हिवाळ्यात मावशीचा नवरा, हार्म काका गेले, मावशीने दुखवट्याचं काळं घातलं. दीड वर्षाने काळ्याचं निळं झालं, तोही दुखवटाच, जरा हलका. योरीन येत राहिली, टिपत राहिली.

गेल्या आठवड्यात तयार झालेला माहितीपट तिने मला पाठवला. मी एकटीने पाहिला, रडले आणि तिला कळवलं, "सुंदर झालाय. काहीही बदलू नकोस." शनिवारी तो गावच्या सभागृहात सगळ्यांना दाखवायचा होता, म्हणून सोमवारी तोच मावशीच्या स्वयंपाकघरात लावला.

मावशी हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत बघत होती. मग म्हणाली, "परत लाव. शेवट."

शेवटी खिडकीत ऊन होतं आणि लाल फुलांतली मावशी ठसे उमटवत होती.

"रूली, यात हार्म आधी जातो आणि मी नंतर लाल घालते."

"अगं, तिने क्रम थोडा मागेपुढे केलाय. शेवट जरा आनंदाचा व्हावा म्हणून."

"आपल्याकडे विधवा लाल पुन्हा कधी घालते?"

दुसरं लग्न ठरलं की. एरवी नाही. हे मला पाचव्या वर्षी ठाऊक होतं, आणि चाळिसाव्या वर्षी ते माझ्या डोळ्यांसमोरून गेलं तरी मला दिसलं नाही.

"गावात लग्नाजोगा विधुर एकच, बेरेंड," मावशी म्हणाली. "शहाऐंशी वर्षांचा आणि ठार बहिरा. शनिवारी सभागृहात हे लागलं की त्याचंसुद्धा अभिनंदन करतील."

मी हसले. ती हसली नाही. "एक्केचाळीस वर्षं संसार केला मी त्या माणसाबरोबर. आणि ही बाई सगळ्या गावाला सांगणार, आल्त्येने त्याला दीड-दोन वर्षांत पुसून टाकलं."

योरीनला फोन केला. ती म्हणाली, फार उशीर झाला, बुधवारी चॅनेलला द्यायचंय. मावशीला सांगितलं. तिने टोपीच्या नाड्या बांधल्या. "उद्या पहिली गाडी किती वाजता?"

ॲमस्टरडॅमच्या स्टेशनवर तिचा गावचा पोशाख बघून लोकांनी तिचे फोटो काढले. ती सरळ चालत राहिली. मीच एकावर खेकसले, आणि माझी मलाच लाज वाटली, कारण वीस वर्षं मी तिच्याबरोबर असं कुठे गेलेच नव्हते.

योरीनच्या खोलीत दोन मोठे पडदे होते. तिने कॉफी दिली, बिस्किटांचा अख्खा डबा समोर ठेवला. मावशीने एक घेतलं आणि झाकण लावून टाकलं.

"आल्त्येबाई, तुम्ही चिडला असाल..."

"चिडायला आले नाही. नीट करून घ्यायला आले. होईपर्यंत इथेच बसते."

"पण शेवट निळ्यावर केला तर लोक जड मनाने उठतील. तीन वर्षांची मेहनत आहे माझी. तुमच्या गावाबाहेर हे रंग कुणाला कळणार?"

"या रूलीलासुद्धा कळले नाहीत. म्हणून तर आले."

मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आणि निळं म्हणजे जड, हे तुला कुणी सांगितलं?" मावशीचा आवाज मुळीच चढला नव्हता. "लाल होतं ते जत्रेसाठी, चर्चसाठी, चारचौघींसाठी. निळं फक्त हार्मसाठी आहे. ते मला जड होत नाही, पोरी."

योरीनने खुर्ची वळवली आणि प्रसंग एकेक करून जागेवर ठेवायला लागली: लाल, काळं, निळं. दुपार झाली. मावशी प्रत्येक तुकड्याला "हं" म्हणत होती. दोनदा "नाही" म्हणाली, दोन्ही वेळा तिचंच बरोबर होतं. शेवटी योरीनने हात टेकले. "क्रम झाला. पण संपवू कशावर?"

मावशीने पिशवीतून घडी काढली. तेच लाल फुलांचं कापड, पहिल्या उन्हाळ्यातलं.

"तुझं ते यंत्र लाव. मानेच्या खाली."

योरीनने कॅमेरा उचलला. मावशीने घडी माझ्यापुढे धरली. "घे."

"मावशी, मी घालत नाही."

"घाल कुठे म्हणाले? घे म्हणाले. पुन्हा लग्न करायचं नसलं की लाल कुणाला द्यायचं ते विधवेने ठरवायचं असतं. मी ठरवलंय."

मी घेतली.

शनिवारी सभागृह भरलं होतं. काळ्यावर बायकांनी माना खाली घातल्या. निळ्यावर कुणीतरी नाक शिंकरलं. मग पडद्यावर मावशीच्या हातातून दुसऱ्या हातांत लाल गेलं, खाली जीन्स दिसत होती. चेहरे नव्हते, नाव नव्हतं, बोलणंही योरीनने काढून टाकलं होतं.

पुढच्या रांगेतली नव्वदीची लुम्मी शेजारणीला मोठ्याने म्हणाली, "आल्त्येने लाल रूलीला दिलं."

मग अख्खी रांग मागे वळून माझ्याकडे बघायला लागली. मी जीन्समध्येच होते. घडी मांडीवर होती.