वस्तादांचं बोट आणि माझा आकडा

मी ग्लुकोमीटर बोलतोय. पण या नावाने मला घरात कधी कुणी हाक मारली नाही. ‘शुगरचं मशीन कुठंय?’ एवढंच. तळहातात मावतो मी. पाठीत एक बॅटरी, तोंडाशी पट्टी सरकवायची फट. पट्टीला रक्ताचा थेंब लावला की पाच सेकंदांत रक्तातल्या साखरेचा आकडा सांगतो आणि वेळेसकट लक्षातही ठेवतो.

एका स्वच्छ पांढऱ्या खोलीत, तोंडाला फडकी बांधलेल्या बायकांच्या हाताखाली माझ्यासारखे हजारो जन्मले. ते कुठे कुठे गेले, मला माहीत नाही. मी वस्तादांच्या घरी आलो.

वस्ताद पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर होते. तीस वर्षं. आत पत्र्याची चकती सारायची, बाहेर डब्याचं झाकण काढायचं. नवीन माणसांना तेच शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना वस्ताद म्हणायचे. एका सकाळी साचा बदलताना चेनपुलीची साखळी तुटली आणि चार माणसांनाही न उचलवणारा तो साचा त्यांच्या डाव्या खुब्यावर आला. हाड मोडलं. मांडीतून खाली जाणारी नसही चेंगरली. डॉक्टरांनी हाडात सळई घालून त्यांना उभं केलं, पण नसेचं काही करता आलं नाही. त्याच इस्पितळात रक्त तपासताना साखर निघाली, तीनशे चाळीस.

“दोन पाहुणे एकदम आले म्हणायचे,” त्यांची बायको म्हणाली, “आणि दोघेही मुक्कामाला.” ती त्याच इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुवायची. हसत बोलायची सवय होती तिला. घरी सोडलं त्या दिवशी औषधांच्या दुकानातून तीच मला घेऊन आली.

वस्तादांचं बोट म्हणजे चामडं. तीस वर्षं पत्रा हाताळून शेंड्यांना असे घट्टे पडलेले, की सुई पहिल्या फटक्यात आत जायचीच नाही. सतरा वर्षांची लेक बोट धरायची, बाजूने टोचायची, दाबून थेंब काढायची आणि आकडा वहीत लिहायची. सकाळी उपाशीपोटी एकदा, जेवणानंतर दोन तासांनी एकदा.

साखर मला मोजता यायची. दुखणं मोजायचं यंत्र काही कुणी केलेलं नाही. पण ते मला दिसायचं. पायात कुणी करवत चालवतंय असं वस्ताद म्हणायचे. बसलं तरी चालतेय, निजलं तरी चालतेय. डॉक्टर म्हणायचे, रोज चाला, साखर खाली येईल. पाय म्हणायचा, चालून तर दाखव! वेदनेने डोळा लागला नाही की दुसऱ्या दिवशी माझा आकडा चढलेला. आकडा चढला की पायाच्या मुंग्या वाढायच्या. गोळ्यांनी पोटात मळमळ, म्हणून जेवण नको. जेवण नाही पण इन्सुलिन घेतलेलं. असं चाक फिरत राहायचं आणि त्या चाकाखाली माणूस.

मग पाठीत एक इंजेक्शन दिलं. दहा दिवस वस्ताद माणसात आले. लेकीला प्रेसवरचे किस्से सांगितले, बायकोच्या हातची ओली चादर ओढून स्वतः वाळत घातली. पण त्या औषधाने साखर चारशेला टेकली. इन्सुलिन वाढवावं लागलं. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, “या इंजेक्शनचा जोर ओसरला की साखर आपोआप उतरेल. तेव्हा डोस कमी करून घ्यायला या. विसरू नका.”

जोर ओसरला तो दुखणं दुपटीने परत आणूनच. बसमध्ये बसवेना. वस्ताद गेले नाहीत. डोस तसाच राहिला.

त्या दुपारी मी टेबलावर होतो. वस्तादांनी इन्सुलिन टोचलं आणि ताट तसंच सरकवलं. तासाभरात त्यांना दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले. बायको साखरपाण्याचा पेला घेऊन आली तर त्यांनी तो भिंतीवर फेकला.

“विष पाजतेस मला?”

“अहो, साखर आहे ती. घ्या हो.”

त्यांनी खुर्ची उचलली. मोडका खुबा घेऊन माणूस खुर्ची उचलू शकतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. काचेचं कपाट फुटलं. दुसरा फटका बायकोच्या खांद्यावर बसला. आरडाओरडा ऐकून शेजारच्या घरात राहणारा धाकटा भाऊ धावत आला, त्याने त्यांना मागून मिठी मारून काचांमध्येच खाली पाडलं. लेकीने रक्तासाठी सुई शोधली नाही. काचेने कापलेल्या त्यांच्या तळहातातून वाहतच होतं, तिथेच पट्टी टेकवली.

एक्केचाळीस. मी एवढा खालचा आकडा तोवर दाखवला नव्हता.

बायकोने बोटाने साखरेचा पाक त्यांच्या गालाच्या आत चोळला. ते तिच्या बोटाला चावले. रक्त आलं तरी तिने बोट काढलं नाही. वीस मिनिटांनी वस्तादांनी डोळे नीट उघडले, आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, “हे कपाट कुणी फोडलं?”

कळल्यावर ते लहान मुलासारखे रडले. आणि सगळ्यांनी त्यांना माफ केलं. मीही केलं असतं. ती उतरलेली साखरच होती, तेव्हा माणूस भानावर नसतो.

पण त्या दिवसापासून घराला एक शब्द मिळाला.

वस्तादांनी ताट फेकलं, ‘साखर उतरली असेल.’ लेकीच्या कानाखाली आवाज काढला, कारण तिने औषधाची बाटली जागेवर ठेवली नव्हती, ‘साखर उतरली असेल.’ पायात कळ आली की जवळ कोण आहे ते शोधायचे. वड्याचं तेल वांग्यावर. भाऊ येऊन समजूत घालायचा, “वहिनी, मनावर घेऊ नका. दादा भानावर नसतो तेव्हा.” बायको पदराने तोंड पुसायची आणि त्यांच्या हातात साखर द्यायची. मारल्याबद्दल साखर! संध्याकाळी मी दोनशे नव्वद दाखवायचो आणि सगळे पुन्हा चिंतेत.

मारल्यावर लगेच मला कुणी विचारलंच नाही. एकदा लेकीने मला हातात घेतलं, तर वस्तादांनी मला हिसकावून फरशीवर आपटलं. माझ्या काचेला तडा गेला. आकडा तरीही दिसत होता.

मग एका रविवारी सकाळी बायको म्हणाली, “काल सुट्टी झाल्यावर डॉक्टरीणबाईंना भेटून आले. डोस कमी करायला सांगितलाय. आणि... घरात काय चाललंय, तेही सांगितलं मी.”

वस्तादांनी नुकतीच न्याहारी केली होती. काठी टेकत उठले.

“माझ्या माघारी माझी गाऱ्हाणी सांगतेस? चव्हाट्यावर?”

पहिला फटका पाठीवर बसला, काठीच्या टोकाचा. दुसऱ्याआधी ते थांबले. त्यांनी काठी उलटी केली, टोक मुठीत धरलं, जड पितळी मूठ वर आली. मी टेबलावरून बघत होतो. बायकोने डोकं वाचवायला हात वर केला. हाड मोडल्याचा आवाज सुक्या फांदीसारखा असतो. तिसरा फटका बरगड्यांवर. चौथा भिंतीला लागला, कारण लेक मधे पडली होती आणि तिने काठीला लोंबकळून त्यांना खाली ओढलं होतं.

भाऊ दारात आला तेव्हा बायको जमिनीवर होती. तिचा उजवा हात मनगटाच्या वर भलत्याच ठिकाणी वाकला होता.

“साखर,” वस्ताद धापा टाकत म्हणाले. “साखर उतरलीय माझी.” आणि लेकीपुढे त्यांनी स्वतःहून बोट केलं. “बघ. बघ किती उतरलीय.”

लेकीने टोचलं. थेंब नीट लागला.

एकशे अठरा.

नळ टपटपत होता.

“मशीन बिघडलंय,” वस्ताद म्हणाले.

लेकीने दुसरी पट्टी घातली, दुसरं बोट टोचलं. एकशे एकवीस. तिने मला काकांसमोर धरलं. काका खिडकीबाहेर बघायला लागले.

इस्पितळात नर्सने विचारलं, कसं लागलं? याआधी दोनदा बायको जिन्यावरून पडली होती, तिच्याच सांगण्याप्रमाणे. तो जिना त्या घराला नव्हताच. या वेळी ती म्हणाली, “नवऱ्याने मारलं.” लेकीने मला खिशातून आणलं होतं. डॉक्टरीणबाईंनी आकडे वेळेसकट उतरवून घेतले. “तुमच्या नवऱ्याचं दुखणं खरं आहे,” त्या म्हणाल्या, “साखरही खरी आहे. पण एकशे अठराला माणूस पुरता शुद्धीत असतो, बाई.”

मायलेकी परत आल्या नाहीत. धुलाईघरातल्या एका बाईने त्यांना आपल्याकडे ठेवून घेतलं. मला लेकीने काकांच्या हाती परत पाठवलं. बापाची साखर कोण बघणार, म्हणून. खटला उभा राहिला.

वस्ताद एकटे राहिले. स्वतःच टोचून घ्यायचे, चारदा सुई मारून एकदा रक्त. चुकून जुनाच डोस घेतला आणि एका दुपारी स्वयंपाकघरात कोसळले. खुब्यावरच पडले. गुरासारखे ओरडले. मग साखर इतकी खाली गेली की ओरडणंही बंद झालं. फळीवरची बरणी त्यांच्या हाताने खाली आली, फुटली, आणि काचांसकट साखर त्यांनी तोंडात कोंबली. ओठ फाटले. कुणाचं बोट नव्हतं मधे.

शुद्ध आली तेव्हा ते बराच वेळ त्या रक्ताच्या आणि साखरेच्या चिखलाकडे बघत होते. हे कसं झालं, त्यांना काही आठवत नव्हतं. कपाट फुटलं त्या दुपारचंही आठवत नव्हतं. मग त्यांनी मला जवळ ओढलं आणि मोठ्याने, जणू मी माणूस आहे असं, म्हणाले, “पण त्या रविवारचं मला सगळं आठवतंय रे.”

कोर्टाच्या तारखेच्या आदल्या दिवशी भाऊ आला.

“दादा, वकील म्हणतोय साखरेवर सुटशील. साखर उतरली होती, शुद्ध नव्हती, एवढंच बोलायचं. फक्त हे मशीन नको. यातले आकडे पुसले जातात का?”

“डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलेत.”

“लिहिलेल्याला म्हणता येतं चूक आहे म्हणून.” त्याने मला खाली टाकलं आणि टाच ठेवली. माझं कवच करकरलं.

वस्तादांनी काठी उचलली. भावाच्या डोक्यावर ती एक क्षण थरथरत राहिली. त्यांच्या कपाळाची शीर तटतटली होती आणि मला वाटलं, आता याचंही हाड. मग त्यांनी काठी कोपऱ्यात दूर भिरकावली. काठीविना तोल गेला, ते धाडकन पडले, आणि पडल्यापडल्या दोन्ही हातांनी भावाचा पाय धरून बाजूला सारला.

“जा तू,” ते म्हणाले. “घरी जा.”

कोर्टात वकील बोलत होता. उतरलेली साखर, हरपलेली शुद्ध, वर्षानुवर्षांची वेदना. छान बोलत होता. न्यायाधीशांनी वस्तादांना विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का? वस्ताद कठड्याला धरून उभे राहिले.

“साहेब, पाय दुखतो ते खरंय. आताही दुखतोय. पण त्या दिवशी साखर बरोबर होती.” त्यांनी मला खिशातून काढून कठड्यावर ठेवलं. “पहिला फटका टोकाने मारला. मग मी काठी उलटी धरली. मुठीने जास्त लागतं, म्हणून.”

मागच्या बाकावर बायको बसली होती, हात गळ्यात बांधलेला. ती रडली नाही. तिने डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

वस्तादांना दीड वर्षाची शिक्षा झाली. मी पाकिटात, वर नंबर टाकलेला, एका कपाटात पडून होतो. सुटल्यावर आम्ही दोघे एका भाड्याच्या खोलीत आलो. बायकोच्या दारात जायची त्यांना मनाई आहे आणि ते जात नाहीत. वेदनेच्या दवाखान्यात जातात, एक बाई त्यांना पडल्यापडल्या पाय हलवायला शिकवते. करवत थांबलेली नाही, थोडी बोथट झाली आहे. आकडा बहुतेक दीडशेच्या आत असतो.

गेल्या आठवड्यात लेक पहिल्यांदा आली. खुर्चीच्या कडेला बसली, चपला पायातच ठेवून. वस्ताद विचारायला धजत नव्हते, तरी विचारलं, “आईचा हात कसा आहे?”

“आत धातूची पट्टी आहे, स्क्रू आहेत. ओल्या चादरी उचलल्या की दुखतो. थंडीत जास्त. डॉक्टर म्हणाले, आता असाच दुखणार. कायमचा.”

वस्तादांनी मान खाली घातली.

“रोज दुखतो, बाबा,” लेक म्हणाली. “आई कुणाला मारत नाही.”

जाताना तिने टेबलावर एक नवीन ग्लुकोमीटर ठेवला. माझ्या पट्ट्या आता मिळत नाहीत, बटण दोनदा दाबावं लागतं. माझी वेळ झाली. तक्रार नाही. नवा आला आहे, त्यालाही बोटाच्या घट्ट्यांची सवय होईल.

वाचकहो, तुमच्याही घरात माझा कुणी भाऊबंद असेल. त्याला वेळच्या वेळी विचारत जा आणि तो सांगेल तो आकडा खरा माना. आकडा खाली असेल तर आधी साखर द्या, बोलणं नंतर. पण आकडा बरोबर असेल आणि समोर कुणी रक्ताळून पडलेलं असेल, तर साखरेच्या नावाने त्यावर पांघरूण घालू नका. तिला दवाखान्यात न्या, आणि विचारल्यावर खरं सांगा.